रजिस्टरबाहेर राहिलेल्या परिचारिका

कल्याण सोडून कसाऱ्याच्या दिशेने निघालेली गाडी शहाडनंतर आंबिवलीला थांबते. या स्टेशनाची ओळख अनेक वर्षे एका कारखान्याशी जोडलेली होती. मोहने-आंबिवलीची नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली 'एनआरसी', २००९ साली बंद पडली. हजारो कामगारांचे पगार थांबले आणि हक्काची देणी मिळावीत म्हणून त्यांना पुढे वर्षानुवर्षे झगडावे लागले. कारखाना बंद पडला की त्याचा हिशेब आपण कामगारांच्या संख्येत मांडतो. घराघरांत मात्र दुसराच एक हिशेब सुरू होतो आणि तो वर्तमानपत्रात सहसा येत नाही. घरातल्या बाईने लग्नाच्या वेळी किंवा पहिल्या बाळंतपणानंतर सोडलेली नोकरी आता पुन्हा मिळेल का, हा तो हिशेब.

ती शिक्षिका असेल तर शिकवण्या सुरू करते. शिवण येत असेल तर कोपऱ्यातले मशीन बाहेर काढते. पण नर्सिंगचा कोर्स केलेली बाई काय करणार? तिचे काम घरी बसून होत नाही. रुग्णालयात जाऊन करायचे तर दारातच पहिला प्रश्न येतो, "सिस्टर, तुमचे रजिस्ट्रेशन चालू आहे ना?" दहा-पंधरा वर्षांपूर्वी सोडलेल्या नोकरीबरोबर आपले नावही मागे राहिले आहे, हे तिला बहुधा तेव्हाच कळते.

केवळ बंद कारखान्यांच्या वस्तीतल्या बायकांपुरता हा प्रश्न नाही. ठाणे, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, बदलापूर या साऱ्या पट्ट्यात मुंबईच्या रुग्णालयांत शिकलेल्या, तिथे काही वर्षे नोकरी केलेल्या आणि मग संसारासाठी घरी बसलेल्या परिचारिका आहेत. ओळखीतले कोणी आजारी पडले की रक्तदाब बघायला, इंजेक्शन द्यायला, ड्रेसिंग बदलायला त्यांनाच हाक जाते. चाळीला आणि सोसायटीला त्या 'सिस्टर'च वाटतात. कायद्याच्या लेखी मात्र त्यांपैकी कित्येकींचे नाव आज चालू पटावर नाही. ही स्थिती त्या बाईसाठी जितकी अडचणीची, तितकीच रुग्णासाठीही घातक आहे. म्हणून तिचा शांतपणे विचार व्हायला हवा.

नाव पटावर असणे म्हणजे काय

डॉक्टर, परिचारिका, औषधविक्रेते यांच्यासाठी सरकारमान्य नोंदवही असते. ज्याचे नाव तीत आहे, त्यानेच तो व्यवसाय करायचा, असा तिचा अर्थ. महाराष्ट्रात १९६६ च्या परिचारिका अधिनियमाखाली महाराष्ट्र परिचर्या परिषद, म्हणजे बोलीभाषेतले 'नर्सिंग कौन्सिल', ही नोंदवही ठेवते. १९४९ चा नर्सिंग होम नोंदणीचा कायदाही रुग्णालयात पात्र परिचारिका असल्या पाहिजेत असे सांगतो, आणि पात्र म्हणजे नाव नोंदलेली. थोडक्यात, हा पट रुग्णाच्या संरक्षणासाठी आहे. आपल्या आईला सुई टोचणारे हात शिकलेले आहेत की नाहीत, हे तपासण्याची सोय सामान्य माणसाकडे नसते. ते काम त्याच्या वतीने कौन्सिल करते.

ही व्यवस्था आपोआप आलेली नाही. परिचारिकांच्या नोंदणीचा स्वतंत्र कायदा प्रथम न्यूझीलंडने १९०१ साली केला. ब्रिटनमध्ये त्यासाठी तीन दशके वाद चालला. तिथल्या चळवळीच्या पुढारी एथेल फेनविक वयाच्या चोविसाव्या वर्षी लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या मेट्रन झाल्या होत्या. १८८७ साली त्यांनी लग्न केले आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे नोकरी सोडली. पण घरी बसून त्यांनी परिचारिकांच्या नोंदणीचा प्रश्न लावून धरला. अखेर १९१९ साली कायदा झाला आणि १९२१ मध्ये रजिस्टर उघडले, तेव्हा त्यातले पहिले नाव एथेल फेनविक यांचेच होते. लग्नासाठी नोकरी सोडून चौतीस वर्षे झालेल्या बाईच्या नावाने ब्रिटनचे परिचारिकांचे रजिस्टर सुरू व्हावे, ही गोष्ट आपल्या विषयाच्या संदर्भात ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

भारतात पहिला कायदा १९२६ साली मद्रास इलाख्यात झाला. मुंबई इलाख्यात तो १९३५ साली आला. तत्पूर्वी पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने ससून रुग्णालयात मुलींच्या आणि विधवांच्या नर्सिंग शिक्षणाची सोय करून दिली होती. परक्या माणसाची सेवाशुश्रूषा करणारी बाई म्हटले की समाज नाक मुरडत असे, त्या काळातली ही गोष्ट. ज्या कल्याणात १८६५ साली आनंदीबाई जोशी जन्मल्या, त्या कल्याणच्या परिसराला बाईने वैद्यकीय शिक्षण घेण्याची किंमत काय असते, हे वेगळे सांगायला नको. त्या पिढीने शिक्षणाचे दार उघडून दिले. आजचा प्रश्न दार सोडून गेलेल्या बाईला परत आत कसे घ्यायचे, हा आहे.

कागदावरच्या आणि कामावरच्या

देशात नोंदणी झालेल्या परिचारिका, प्रसविका आणि एएनएम मिळून तेहतीस लाखांहून अधिक असल्याचे केंद्र सरकारने गेल्या काही वर्षांत संसदेत सांगितले. आकडा ऐकायला भरघोस वाटतो. पण नोंदवहीत नाव चढणे सोपे आणि उतरणे अवघड. त्यात वारलेल्या असतात, निवृत्त झालेल्या असतात, आखातात किंवा इंग्लंड-ऑस्ट्रेलियात गेलेल्या असतात, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाऊन दोन्हीकडे नोंदलेल्या असतात आणि घरी बसलेल्याही असतात. अनुप करण, संजय झोडपे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ही तफावत स्पष्ट दिसली. २०१८ च्या नोंदींनुसार देशात परिचारिका व प्रसविका होत्या २३ लाख ४० हजार. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आधारे प्रत्यक्ष काम करणाऱ्या निघाल्या सुमारे १४ लाख. म्हणजे कागदावरच्या दहांपैकी चार कामावर सापडत नाहीत.

आता दुसरी बाजू पाहा. आपल्या भागातल्या लहान नर्सिंग होममध्ये पांढरा पोशाख घालून वावरणाऱ्या मुलींपैकी किती जणी खरोखर नोंदणीकृत असतात? सहा महिन्यांचा कुठलासा कोर्स केलेली, डॉक्टरांच्या हाताखाली बघून बघून शिकलेली मुलगी तिथे 'सिस्टर' म्हणून उभी असते, हे सर्वांना ठाऊक असलेले गुपित आहे. त्या मुलीचा दोष नाही. तिला पोटासाठी काम हवे आणि मालकाला स्वस्तात माणूस हवा. पण परिणाम असा होतो की साडेतीन वर्षे शिकलेली बाई घरात आणि सहा महिने शिकलेली मुलगी वॉर्डात. या उफराट्या व्यवस्थेची किंमत रुग्ण मोजतो.

सरकारी आणि पालिका रुग्णालयांची तऱ्हा वेगळी. तिथे नेमलेल्या परिचारिका शिकलेल्याच असतात, पण त्या पुरेशा नसतात. ऑगस्ट २०२३ मध्ये ठाणे महापालिकेच्या कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात चोवीस तासांत अठरा रुग्ण दगावले, तेव्हा खाटांवरचा ताण आणि अपुरे मनुष्यबळ यांची राज्यभर चर्चा झाली. चार दिवस ती झाली आणि विरली. पण कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय, डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय, उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय यांच्या ओपीडीत एकदा सकाळी जाऊन उभे राहिले की ताण म्हणजे काय, हे कोणालाही समजेल.

परतीची वाट

नाव मागे पडलेल्या परिचारिकेला ते पुन्हा चालू करायचे असेल तर काय करावे लागते? नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करायचे असते. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषाप्रमाणे त्यासाठी पाच वर्षांत दीडशे तासांचे निरंतर शिक्षण झाल्याची प्रमाणपत्रे लागतात. मुदत उलटून गेली असेल तर विलंब शुल्क भरावे लागते. शिवाय देशभरातल्या परिचारिकांची आधारशी जोडलेली संगणकीय नोंद आता सुरू झाली असून प्रत्येकीला त्यात एक राष्ट्रीय क्रमांक मिळतो. ऐकताना हे सारे रास्तच वाटते. घोडे पेंड खाते ते तपशिलात.

पहिली अडचण नावाचीच. मुलगी अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी नर्सिंगला जाते आणि बाविसाव्या वर्षी कौन्सिलच्या पटावर तिचे माहेरचे नाव चढते. लग्नानंतर मधले नाव बदलते, आडनाव बदलते आणि काही घरांत पहिले नावही बदलते. पुढे आधार कार्ड, पॅनकार्ड, बँकेचे पासबुक सारे सासरच्या नावाने होते. रजिस्टरमध्ये मात्र जुनी 'कुमारी' तशीच राहते. ती आणि ही एकच, हे सिद्ध करण्यासाठी विवाह नोंदणीचा दाखला, राजपत्रातली नावबदलाची जाहिरात, प्रतिज्ञापत्र अशी कागदांची माळ ओवावी लागते. ज्यांचे लग्न वीस-पंचवीस वर्षांपूर्वी गावी झाले आणि नोंदवलेच गेले नाही, त्यांची धावपळ तिथूनच सुरू होते. पुरुष ब्रदरला यांतले काहीही करावे लागत नाही. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मुलांच्या नावात आईचे नाव लावण्याचा निर्णय घेतला, तो योग्यच. पण लग्नाने बाईचे व्यावसायिक नाव हरवू नये, एवढी साधी सोय आपल्या कचेऱ्यांना अजून नीट जमलेली नाही.

दुसरी अडचण तासांची. नोकरीतल्या परिचारिकेला तिचे रुग्णालय कार्यशाळेला पाठवते. अनेकदा शुल्कही भरते आणि तो दिवस ड्युटीत धरते. घरी बसलेल्या बाईने हे तास जमवायचे कुठे? अशा कार्यशाळांची खबर तिला लागत नाही आणि लागली तर शुल्क स्वतः भरून, मुलांची सोय लावून, गाडी पकडून मुंबई गाठावी लागते. आंबिवलीसारख्या स्टेशनावर कल्याणसारख्या मिनिटामिनिटाला गाड्या नसतात. एक चुकली की पुढच्या टिटवाळा, आसनगाव किंवा कसारा गाडीची वाट पाहत बसायचे. ऑनलाइन व्याख्यानांनी हा त्रास थोडा कमी केला हे खरे. पण ऑनलाइन व्याख्यान ऐकून हाताला सवय होत नाही.

आणि इथेच या व्यवस्थेचा मूळ दोष दिसतो. तिचा भर आहे तो व्याख्यानांच्या तासांवर. रुग्णाच्या खाटेशेजारी उभे राहून शेवटचे काम कधी केले, हा प्रश्न तिच्यात दुय्यम आहे. त्यामुळे जिच्या हातात कौशल्य आहे पण कागद नाहीत, ती बाहेर राहते. जिने कसेबसे कागद जमवले पण पंधरा वर्षांत सलाईन लावलेले नाही, ती आत येऊ शकते. दार एकाच वेळी नको तिथे अरुंद आणि नको तिथे रुंद आहे.

पंधरा वर्षांत काय बदलले

काही जण म्हणतील, एकदा शिकलेली विद्या विसरते थोडीच? पोहणे आणि सायकल जशी अंगात राहते तसे हे. ते अर्धेच खरे आहे. खाट न हलवता चादर बदलणे, रुग्णाच्या चेहऱ्याकडे पाहून बिघाड ओळखणे, घाबरलेल्या नातेवाइकाला दोन शब्दांत शांत करणे, या गोष्टी विसरत नाहीत. पण बाकीचे पुष्कळ काही बदलले आहे.

हृदय बंद पडलेल्या माणसाला वाचवण्याची रीतच पाहा. पूर्वी शिकवत, आधी श्वासमार्ग मोकळा करा, मग श्वास द्या, मग छाती दाबा. २०१० साली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना बदलल्या आणि छाती दाबणे पहिल्या क्रमांकावर आले. २००५ साली नोकरी सोडलेल्या परिचारिकेच्या डोक्यात जुनाच क्रम पक्का असणार आणि त्या प्रसंगी विचार करायला वेळ नसतो, हात सवयीनेच चालतात. रुग्णालयातल्या कचऱ्याचे नियम १९९८ साली आले आणि २०१६ साली ते नव्याने लिहिले गेले. कोणती पिशवी पिवळी, कोणती लाल, सुया कुठे आणि काच कुठे, हे आता तोंडपाठ असावे लागते. लसीकरणाचे वेळापत्रक तर ओळखू येणार नाही इतके बदलले. पोलिओची तोंडावाटे द्यायची लस एप्रिल २०१६ मध्ये देशभर एकाच वेळी बदलली गेली. गरोदर बाईला दिल्या जाणाऱ्या धनुर्वाताच्या जुन्या लशीची जागा घटसर्पाचेही संरक्षण देणाऱ्या लशीने घेतली. पाऱ्याचे थर्मामीटर मागे पडले. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर कोविडनंतर घराघरांत पोहोचले. नोंदी वहीतून संगणकावर गेल्या.

यातले काहीही अशक्य नाही. शिकलेली, अनुभवी बाई काही आठवड्यांत हे सहज आत्मसात करील. मात्र ते आठवडे कोणी तरी तिला दिले पाहिजेत, कोणाच्या तरी देखरेखीखाली दिले पाहिजेत आणि ते कामात धरले पाहिजेत.

इतर देशांनी या प्रश्नाकडे कसे पाहिले? ब्रिटनमध्ये एप्रिल २०१६ पासून परिचारिकेला दर तीन वर्षांनी ४५० तासांचे प्रत्यक्ष काम आणि ३५ तासांचे शिक्षण दाखवावे लागते. ज्यांचे नाव गळाले, त्यांच्यासाठी 'पुन्हा कामावर' अशा नावाचे अभ्यासक्रम आहेत. विद्यापीठ आणि रुग्णालय मिळून ते चालवतात आणि इंग्लंडमध्ये त्यांना सरकारी निधी मिळत आला आहे. ज्यांना अभ्यासक्रम नको त्यांना परीक्षेचा पर्याय असतो. फिजिओथेरपिस्ट, रेडिओग्राफर वगैरेंसाठी तिथला हिशेब आणखी सुटसुटीत ठेवला गेला. दोन ते पाच वर्षांचा खंड असेल तर तीस दिवसांची उजळणी, पाचाहून अधिक वर्षे झाली तर साठ दिवसांची. नियम कडक आहे, पण तो माणसाला सांगतो की इतके दिवस कर आणि परत ये. आपला नियम सांगतो की इतके कागद आण.

२०२० चा धडा

एप्रिल २०२० मध्ये कोविडच्या पहिल्या लाटेत तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी निवृत्त परिचारिका, वॉर्डबॉय, लष्करी वैद्यकीय सेवेतून बाहेर पडलेले आणि प्रशिक्षण घेऊनही काम न मिळालेले अशा सर्वांना 'कोविड योद्धा' म्हणून पुढे येण्याचे जाहीर आवाहन केले. लोक पुढे आलेही. त्याच सुमारास ब्रिटनने तातडीचा कायदा करून तात्पुरते रजिस्टर उघडले आणि नुकत्याच बाहेर पडलेल्या परिचारिकांना थेट कामावर बोलावून घेतले. ज्यांची यादी हाताशी होती त्यांना बोलावणे सोपे गेले. आपण आवाहन करून वाट पाहिली. तहान लागल्यावर विहीर खणायची, ही आपली जुनीच सवय.

आपल्या भागाला तर साथ आणि संकट नवे नाही. २६ जुलै २००५ च्या पावसात उल्हास नदीने कल्याणच्या परिसरात काय हाहाकार केला, हे मोहने, शहाड, रायते या गावांना विचारावे. पुरापाठोपाठ लेप्टो आला. अशा वेळी वस्तीतच राहणाऱ्या, नाव चालू असलेल्या आणि नुकतीच उजळणी झालेल्या पन्नास परिचारिकांची यादी महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे असेल, तर मुंबईहून मदत येण्याची वाट पाहावी लागणार नाही. रेल्वे बंद पडली की मुंबईची मदत येतही नाही, हा अनुभव आपल्याला आहेच.

परत यायचे कशासाठी

रजिस्टर हा प्रश्नाचा एक भाग झाला. नाव चालू झाल्यावर पुढे काय, याचाही प्रामाणिक विचार हवा. खासगी रुग्णालयांतले पगार हा परिचारिकांचा जुना घाव आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ मधल्या आदेशावरून केंद्राने समिती नेमली. दोनशेहून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयांनी राज्य सरकारइतका पगार द्यावा आणि पन्नासहून कमी खाटांच्या रुग्णालयांनीही महिना वीस हजारांच्या खाली जाऊ नये, अशी शिफारस त्या समितीने केली. अंमलबजावणी राज्यांवर सोपवली गेली. आपल्या गल्लीतल्या नर्सिंग होममध्ये सिस्टरला काय मिळते, याची चौकशी वाचकांनी स्वतःच करावी.

सरकारी नोकरीत पगार बरा, पण तिथे वय आडवे येते. राज्याच्या सरळसेवा भरतीत २०१६ पासून कमाल वय खुल्या प्रवर्गासाठी अडतीस आणि मागासवर्गीयांसाठी त्रेचाळीस ठरवले गेले. धाकटे मूल पाचवी-सहावीत गेले की बाई मोकळी होते आणि नेमके तेव्हाच दार बंद होते. जिने पंचवीस ते तीस या वयात रुग्णसेवा केली, ती पंचेचाळिसाव्या वर्षी निरुपयोगी कशी होते, हे कोणत्याच शास्त्रात सांगितलेले नाही.

मुळात ती कामावरून गेलीच का, हेही पाहायला हवे. २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची रजा सव्वीस आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा त्याहून अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सक्ती कायद्यात आली. पण आपल्याकडची बहुतेक नर्सिंग होम एवढी मोठी नसतात. मग नाइट ड्युटीच्या वेळी तान्हे मूल कोणाजवळ ठेवायचे? रात्री उशिरा स्टेशनावर उतरून अंधारातून घरी कसे जायचे? ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ड्युटीवरच्या डॉक्टर तरुणीची हत्या झाली, त्यानंतर तर मुलीला नाइटला पाठवताना घरच्यांच्या पोटात गोळा येतो. या प्रश्नांची उत्तरे न शोधता 'बायका नोकरी सोडतात' असे म्हणत राहणे, हा शुद्ध कांगावा आहे.

काय करता येईल

हे सारे बदलायला फार मोठी योजना लागते असे नाही. कल्याण-डोंबिवली महापालिकेने रुक्मिणीबाई आणि शास्त्रीनगर रुग्णालयांत दर वर्षी सहा-आठ आठवड्यांचा उजळणी वर्ग चालवावा. जागा आहे, रुग्ण आहेत, शिकवणाऱ्या ज्येष्ठ परिसेविका आहेत. वर्गात येणाऱ्या बाईला थोडे विद्यावेतन द्यावे आणि दुपारच्या वेळा ठेवाव्यात, म्हणजे मुलांच्या शाळेशी जुळतील. खाटेशेजारी केलेले हे तास परिचर्या परिषदेने नूतनीकरणासाठी पूर्ण धरावेत आणि पंधरा वर्षांचा खंड असलेलीला असा वर्ग पुरा केल्याशिवाय नाव चालू करून देऊ नये. सवलत आणि शिस्त दोन्ही एकाच नियमात बसतात.

दुसरे, वर्षातून दोनदा परिषदेने जिल्ह्याच्या ठिकाणी शिबिर भरवावे. नावबदल, थकलेले शुल्क, संगणकीय नोंद ही तिन्ही कामे एका टेबलावर व्हावीत. तिसरे, पटावर 'सध्या कामावर नाही' असा एक वेगळा रकाना असावा. बाई नाममात्र शुल्क भरून त्यात राहील आणि काम करायचे ठरवील तेव्हा उजळणी करून पुन्हा चालू रकान्यात येईल. त्यामुळे सरकारलाही कळेल की खरोखर हाताशी किती आहेत आणि हाक मारली तर किती येतील. २०२३ साली संसदेने १९४७ च्या इंडियन नर्सिंग कौन्सिल कायद्याची जागा घेण्यासाठी राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा केला. त्यात राष्ट्रीय आणि राज्य पातळीवरची ताजी, संगणकीय रजिस्टरे ठेवण्याची तरतूद आहे. नवी वही घालताना हा एक रकाना आखून घ्यायला काही अडचण नसावी. चौथे, भरतीच्या वयोमर्यादेत पूर्वी सेवा केलेल्या परिचारिकांना तेवढ्या वर्षांची सूट मिळावी.

शेवटचा मुद्दा सरकारचा नाही, आपल्या घराचा आहे. सून नर्स आहे हे लग्न जमवताना अभिमानाने सांगितले जाते. लग्नानंतर तिचे नूतनीकरण कधी आहे, हे घरातल्या किती जणांना ठाऊक असते? विम्याचा हप्ता, घरपट्टी, गाडीचे पासिंग यांच्या तारखा दिनदर्शिकेवर लिहून ठेवणाऱ्या कुटुंबाने तिच्या नोंदणीची तारीखही त्याच पानावर लिहावी. आज नोकरी करायची नसली तरी शुल्क भरावे, वर्षाकाठी तीस तासांचे शिक्षण पुरे करावे, विवाहाचा दाखला काढून नावबदल करून घ्यावा. हा खर्च फार नाही. पंधरा वर्षांनी एकदम करायला गेले तर तो पैशांतही भारी पडतो आणि जिवावरही येतो. आणि ती वर्गाला जाते त्या दिवशी कुकर कोणी लावायचा, मुलाला शाळेतून कोणी आणायचे, याचे उत्तर सासू, नवरा आणि दीर यांनी मिळून द्यायचे आहे. कौन्सिल ते देऊ शकत नाही.

आंबिवलीहून कल्याण दोन स्टेशने. रुक्मिणीबाई रुग्णालय कल्याण स्टेशनापासून दूर नाही. तिथल्या वॉर्डात हात कमी आहेत आणि दोन स्टेशनांवर शिकलेले हात रिकामे आहेत. मधले अंतर गाडीचे नसून कागदाचे आणि मनाचे आहे. नव्या आयोगाची नियमावली आणि महापालिकेचा पुढचा अर्थसंकल्प ही दोन्ही ते कमी करण्याची साधने आहेत. नगरसेवक मते मागायला दारात येतील तेव्हा गटार आणि पाण्याबरोबर हाही एक प्रश्न त्यांना विचारायला हरकत नाही.